स्मशानभूमी नकाशावर आहे, मग जमिनीवर का नाही?

गोवंडी-देवनार भागातल्या मुस्लिम दफनभूमीत जागा उरलेली नाही, पूर्व उपनगरांसाठी नवी जागा द्या, अशी मागणी घेऊन तिथले रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. २०२४ च्या जूनमध्ये न्यायालयानं महापालिकेला या विषयावर चांगलंच खडसावलं. अंत्यविधीसाठी जागा देणं हे तुमचं वैधानिक कर्तव्य आहे, ते इतकं सैल घेऊ नका, असा सगळा सूर होता.

बातमी वाचून कुणालाही प्रश्न पडेल. ज्या शहरात दर आठवड्याला नवा टॉवर चढतो, तिथं माणूस पुरायला दोन-तीन एकर मिळत नाहीत? आणि हे मुंबईपुरतंच आहे असं मुळीच नाही. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कुठल्याही वाढत्या शहराचा विकास आराखडा उघडून बघा. ‘दफनभूमी’, ‘स्मशानभूमी’ असे छापलेले तुकडे त्यात असतात. प्रत्यक्ष त्या पत्त्यावर गेलात तर शेत असतं, गोदाम असतं, नाहीतर झोपडपट्टी असते.

मला यात जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो. जागा कमी आहे हे खरंच. पण टंचाईचा मोठा वाटा दुसरीकडून येतो, तो म्हणजे असलेल्या जागेची देखभाल. महापालिकेच्या कागदांत ‘देखभाल’ आणि ‘नवी जागा’ या दोन वेगळ्या ओळी असतात, दोन वेगळे विभाग त्या बघतात, आणि पैशाची ओढाताण झाली की एकीचा बळी देऊन दुसरी वाचवतात. हिशेब मांडला की कळतं, या दोन्ही ओळी एकाच गोष्टीच्या आहेत. कसं, ते टप्प्याटप्प्यानं बघू.

हे काम मुळात कुणाचं?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘दफन व दफनभूमी, दहन व दहनभूमी’ हा विषय राज्याच्या यादीत आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं जी बारावी अनुसूची आली, तिच्यात नगरपालिकांकडे सोपवायच्या १८ कामांची यादी आहे, आणि त्या यादीतही हा विषय विद्युतदाहिनीसकट आहे. पण त्याच्याही कितीतरी आधी, मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात अंत्यविधीच्या जागा राखणं, त्यांचं नियमन करणं आणि लागतील तशा नव्या जागा देणं हे पालिकेचं आवश्यक कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. बाकीच्या महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यातही ते आहे.

‘आवश्यक कर्तव्य’ हा इथला महत्त्वाचा शब्द. पालिकेची कामं दोन प्रकारची असतात, आवश्यक आणि ऐच्छिक. वाचनालयं, बागा ही ऐच्छिक कामं. पैसे असतील, इच्छा असेल तर करावीत. पाणी, मैला, रस्त्यावरचे दिवे आणि अंत्यविधीची जागा ही आवश्यक. पैसे नाहीत म्हणून ती सोडता येत नाहीत. आपल्याकडे वॉर्डातल्या चर्चेत मात्र बागेचं सुशोभीकरण वर येतं आणि स्मशानभूमी खाली जाते. कायद्यातला क्रम नेमका उलटा आहे.

एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बऱ्याच दफनभूमी पालिकेच्या नसून त्या-त्या समाजाच्या विश्वस्त संस्था किंवा चर्च सांभाळतात. मरीन लाइन्सचं बडा कब्रस्तान जुमा मशिदीच्या ट्रस्टकडे आहे. तरीही शहरात एकूण जागा पुरेशी आहे की नाही, हे बघण्याची जबाबदारी पालिकेचीच राहते.

आरक्षण म्हणजे काय, आणि ते विरून कसं जातं?

शहराचा विकास आराखडा म्हणजे पुढच्या साधारण वीस वर्षांत कुठं काय असेल याचा कायदेशीर नकाशा. त्यात शाळा, दवाखाना, मैदान, स्मशानभूमी अशा सार्वजनिक कामांसाठी जमिनी राखून ठेवतात. याला आरक्षण म्हणतात. लोकांची पहिली चूक इथं होते. आरक्षण पडलं म्हणजे जमीन पालिकेची झाली असं वाटतं. तसं नसतं. एसटीच्या खिडकीतून आपण रुमाल टाकून जागा धरतो ना, तसंच हे. रुमाल टाकल्यानं दुसरा कुणी पटकन बसत नाही इतकंच. आत चढून बसल्याशिवाय जागा आपली होत नाही, आणि फार वेळ चढलोच नाही तर कंडक्टर रुमाल बाजूला करून दुसऱ्याला बसवतो.

हा कंडक्टर म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत पालिकेनं जमीन घेतली नाही, तर मालक ‘आता तरी घ्या’ अशी नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द झालं असं धरलं जातं आणि मालक तिथं शेजारच्या जमिनीला जे करता येतं ते करायला मोकळा होतो. यात मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याची जमीन दहा-बारा वर्षं अडकवून ठेवायची, ना पैसे द्यायचे ना सोडायची, हा त्याच्यावर अन्यायच आहे.

मग पालिका जमीन वेळेत का घेत नाही? पैसा हे पहिलं कारण. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर मोबदला बराच वाढला, तो योग्यच होता, पण पालिकांच्या तिजोऱ्या काही त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. त्यावर उपाय म्हणून टीडीआर आहे. म्हणजे रोख पैशाऐवजी मालकाला बांधकामाचा हक्क कागदावर द्यायचा, तो त्यानं दुसरीकडे वापरावा किंवा बिल्डरला विकावा. मुंबई-पुण्यात या कागदाला गिऱ्हाईक आहे. लहान शहरात, जिथं असलेलं चटईक्षेत्रच, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायला परवानगी आहे तेवढंच, पुरून उरतं, तिथं तो कागद घेऊन मालक करणार काय?

दुसरं कारण कुणी मोठ्यानं बोलत नाही. शाळेच्या किंवा भाजी मंडईच्या आरक्षणात मालकाला काही भाग स्वतःसाठी बांधू देऊन तोडगा काढता येतो. स्मशानभूमीच्या वर दुकानं चढवता येत नाहीत. त्यामुळं खाजगी विकासकाला या आरक्षणात गोडी नाही. शिवाय जागा ताब्यात घ्यायला पालिकेची माणसं गेली की आजूबाजूचे लोक रस्त्यावर येतात. शाळेसाठी मोर्चा ‘लवकर करा’ म्हणून निघतो, स्मशानभूमीसाठी ‘करू नका’ म्हणून. मागणारे लोक त्या वॉर्डात राहतच नसतील तर त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी नसतं. आणि २०२२ पासून पुढची काही वर्षं बहुतेक महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते.

एक एकर किती दिवस पुरते?

आता थोडं गणित. आकडे ढोबळ आहेत, पण चित्र स्पष्ट करतात.

भारतात वर्षाला हजार माणसांमागं साधारण सहा मृत्यू होतात. एखाद्या शहरात देह पुरणाऱ्या समाजांची लोकसंख्या एक लाख आहे असं धरू. म्हणजे वर्षाला ६०० कबरी. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. कबर सात बाय तीन फुटांची, भोवती उभं राहायला जागा, मधून वाट, कडेला भिंत, हातपाय धुवायची आणि नमाजेची किंवा प्रार्थनेची जागा, हे सगळं वजा केलं तर एकरी ७०० कबरी बसल्या तरी खूप झालं. याचा अर्थ, एकदा वापरलेली जागा पुन्हा वापरायचीच नाही असं ठरवलं तर दरवर्षी जवळजवळ एक एकर नवी जमीन लागेल. वीस वर्षांच्या आराखड्यात सतरा एकर, तेही फक्त एक लाख लोकांसाठी. कुठल्याच शहराला हे जमणार नाही.

म्हणून सगळीकडे जागा फिरवून वापरतात. काही वर्षांनी देह मातीत मिसळला की त्याच ठिकाणी पुन्हा खोदतात. मुंबईतल्या कब्रस्तानांत हे पिढ्यानपिढ्या चालू आहे. कॅथलिक दफनभूमींत उरलेल्या अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची पद्धत आहे.

फिरवून वापरायचं म्हटलं की प्रश्नाचं रूपच बदलतं. जागा किती, याच्या जोडीला ती किती दिवसांनी परत मिळते, हे महत्त्वाचं होतं. पाच वर्षांनी परत मिळत असेल तर एका वेळी ३,००० कबरी हव्यात, म्हणजे सव्वाचार एकर. तीन वर्षांनी मिळत असेल तर १,८०० कबरी, म्हणजे अडीच एकरांपेक्षा थोडं जास्त. फरक जवळपास पावणेदोन एकरांचा. शहराच्या मध्यात पावणेदोन एकर विकत घ्यायला किती कोटी लागतील, ते ज्यानं-त्यानं आपल्या शहराच्या भावानं काढून बघावं. आणि हा फरक कशानं पडतो? मातीनं.

मातीची तब्येत

देह मातीत मिसळायला हवा लागते. माती भुसभुशीत असेल, पाणी निचरत असेल, तर जमिनीतले जीवजंतू आपलं काम वेळेत करतात. पाणी साचून राहिलं की हवा अडते, आणि कुजण्याची क्रिया मंदावते, कधीकधी जवळपास थांबते. चिकणमातीत, भराव टाकलेल्या खाजणात हेच होतं. मुंबईतल्या कितीतरी जमिनी या भरावाच्या आहेत.

पावसाळ्यात सखल दफनभूमीत खड्डा खणणाऱ्याचं काम बघितलं तर हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. दोन-अडीच फुटांवर पाणी लागतं. एक जण फावडं मारतो, दुसरा बादलीनं पाणी उपसतो, बाजूची माती परत आत ढासळते. जुन्या जागेवर खोदताना कफनाचं कापड दिसलं की खणणारा थांबतो, माती परत लोटतो आणि दुसरीकडे सुरुवात करतो. म्हणजे कागदावर मोकळी झालेली ती जागा प्रत्यक्षात अजून मोकळी झालेली नसते. कोविडच्या काळात देह प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून पुरावे लागले. प्लास्टिकमुळं हवाही अडली आणि ओलही, आणि त्या जागा परत मिळायला फार वेळ लागला.

उपाय माहीत आहेत. कडेनं खोल चर काढून पाण्याचा निचरा करायचा, वरून चांगली लाल माती आणि वाळू घालून पातळी उचलायची, झाडांची मुळं आवरायची, आणि कुठली कबर कधीची याची नीट वही ठेवायची. वही नसेल तर अंदाजानं खोदतात, आणि अंदाज चुकतो. पक्कं बांधकाम हा वेगळाच विषय. संगमरवरी चौथरा बांधला की ती जागा कायमची गेली. घरच्यांच्या भावना मला समजतात, पण भरलेल्या दफनभूमीत एक पक्की कबर म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांत दहा-पंधरा माणसांची जागा अडवणं आहे. मुंबईत विश्वस्तांनी याला आळा घातला आहे तो योग्यच आहे.

हे सगळं काम ‘देखभाल’ या ओळीत येतं. गणित मात्र सांगतं की या ओळीतला रुपया नवी जमीनच तयार करतो.

दाहिनीचंही तेच

लाकडाच्या सरणाला ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं. चिता जळायला कित्येक तास, मग ती निवायची, मग अस्थी गोळा करायच्या. त्यामुळं एका चौथऱ्यावर दिवसात एखादाच, फार तर दोन अंत्यविधी होतात. विद्युत किंवा गॅसदाहिनीत दीड-दोन तास लागतात. एक दाहिनी नीट चालली तर तीन-चार चौथऱ्यांचं काम करते. तीच बंद पडली तर तीन-चार चौथरे एकदम नाहीसे होतात.

आणि ती बंद का पडते? दाहिनीच्या आत उष्णता सोसणाऱ्या विटांचं अस्तर असतं. ते आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापतं. सतत तापलेलं राहिलं तर टिकतं. तापव-निवव, तापव-निवव झालं की विटांना चिरा जातात. म्हणजे कमी वापरल्यानं दाहिनी वाचत नाही, लवकर खराब होते. मधेच वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही, तर आतल्या देहाचं आणि बाहेर थांबलेल्या नातेवाइकांचं काय होतं ते लिहिणंही जड जातं. अस्तर बदलणं, कॉइल बदलणं, चिमणीतला धूर पाण्यानं धुणारी यंत्रणा चालू ठेवणं, ही दरवर्षीची कामं आहेत. ठेका संपतो, नवी निविदा निघायला सहा महिने जातात, आणि तोवर दारावर ‘दाहिनी दुरुस्तीसाठी बंद आहे’ अशी पाटी लटकते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये सुरतेत गॅसदाहिन्या रात्रंदिवस चालून त्यांचे लोखंडी भाग वितळले, चिमणीला तडे गेले. त्या वेळी ताण अभूतपूर्व होता. पण राखीव दाहिनी नसली तर काय होतं, ते तेव्हा सगळ्या देशानं पाहिलं.

“मग सगळ्यांनीच दाहिनी वापरावी, जमीनच लागणार नाही”

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो घेणाऱ्याला बहुतेक वेळा असं वाटत असतं की पुरणारे म्हणजे फक्त मुसलमान आणि ख्रिस्ती. वीरशैव लिंगायत देह बसवून पुरतात. सोलापूर, लातूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात लिंगायत दफनभूमीची मागणी जुनी आहे. महानुभाव पंथात, गोसाव्यांत, नाथपंथीयांत देह मातीला देतात. बेने इस्रायली ज्यूंच्या दफनभूमी कोकणात आणि मुंबईत आहेत. आणि देह जाळणाऱ्या बहुतेक हिंदू जातींतही तान्ही बाळं पुरतात. त्या इवल्या जागेची तरतूद कुठल्या नव्या स्मशानभूमीच्या आराखड्यात असते, हे एकदा बघाच.

२०२० च्या ३० मार्चला मुंबई महापालिकेनं कोविडनं मेलेल्या प्रत्येकाचं दहनच करावं असं परिपत्रक काढलं होतं. ते त्याच दिवशी बदलावं लागलं. पुढं वांद्र्याच्या कब्रस्तानात अशा दफनाला विरोध करणारी याचिका उच्च न्यायालयात गेली. न्यायालयानं ती फेटाळली आणि सन्मानानं अंत्यविधी होणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. तेव्हा सक्तीनं हा प्रश्न सुटणार नाही.

माणसं आपणहून मात्र बदलतात, जर पालिकेनं सोय केली तर. गिधाडं डायक्लोफेनॅक या औषधामुळं जवळपास नाहीशी झाल्यावर मुंबईतल्या काही पारशी कुटुंबांना दोखम्याऐवजी, म्हणजे गिधाडांसाठी देह ठेवायच्या मनोऱ्याऐवजी, दहन हवं होतं, पण प्रार्थनेला जागा नव्हती. २०१५ मध्ये वरळीच्या पालिकेच्या स्मशानभूमीत प्रार्थनागृह झालं आणि त्या कुटुंबांची सोय झाली. जुनी वाट बंद न करता नवी उघडली की असं होतं.

“ठीक आहे, पण आमच्या शेजारी नको”

या आक्षेपाला नाक मुरडून चालणार नाही. धूर खरा असतो. रात्री दीडला चाळीस गाड्या दारात उभ्या राहतात, हे खरं असतं. पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीच्या धुराबद्दल आसपासचे रहिवासी कित्येक वर्षं तक्रार करत आले आहेत. ज्याच्या बाल्कनीत राख येते त्याला ‘शेवटी सगळ्यांना तिथंच जायचंय’ हे ऐकवणं म्हणजे त्याची चेष्टा करणं आहे.

पण हा विरोध कशाला असतो? चिमणी आखूड, धूर धुणारी यंत्रणा बंद, दिवे गेलेले, कुंपण पडलेलं, आत कुत्री, नळाला पाणी नाही, गाड्या लावायला जागा नाही. लोकांनी आयुष्यात जी स्मशानभूमी पाहिली ती अशी असेल तर तीच आपल्या खिडकीसमोर येणार म्हटल्यावर ते मोर्चा काढणारच. जुन्या जागेची देखभाल न केल्यानं नव्या जागेला विरोध वाढतो, आरक्षण लांबतं, मग कलम १२७ लागू होतं, आणि नवी जागा जाते. ती गेली की जुन्या जागेवरचा ताण आणखी वाढतो.

विरोधाची दुसरी बाजूही आहे. अंबाजोगाईत २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडच्या मृतांचे अंत्यविधी गावातल्या स्मशानभूमीत करायला लोकांनी हरकत घेतली. पालिकेला दुसरीकडे तात्पुरती जागा शोधावी लागली, ती पुरेना, आणि एका मोठ्या चितेवर आठ जणांना अग्नी द्यावा लागला. ते आठही जण कुणाच्या तरी घरचे होते.

“जुन्या दफनभूमी गावाबाहेर हलवा, तिथं घरं बांधा”

हे करून पाहिलेलं शहर आहे. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोनं १९०० साली कायदा करून शहराच्या हद्दीत नव्या दफनांना बंदी केली. १९१० मध्ये दहनालाही. १९१४ मध्ये असलेल्या दफनभूमी हलवायचे आदेश निघाले. त्यावर पुढं पंचवीसेक वर्षं भांडणं, खटले, मतदान चाललं, आणि शेवटी सुमारे दीड लाख देह उकरून दक्षिणेकडच्या कोल्मा गावी नेले. कोल्मात आज जिवंत माणसं दीडेक हजार आणि पुरलेली पंधरा लाखांच्या घरात.

यात शहराला मोकळी जमीन मिळाली, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. पण किंमत कुणी मोजली? ज्या घरच्यांना दहा डॉलर देणं परवडलं त्यांच्या माणसाचा दगड सोबत गेला. बाकीच्यांना सामुदायिक खड्डे. बेवारस ठरलेले थडग्यांचे दगड समुद्राच्या भिंतीत आणि एका बागेच्या गटारात बसवले. सगळे देह हललेही नव्हते. १९९३ मध्ये तिथल्या लीजन ऑफ ऑनर या कलासंग्रहालयाची दुरुस्ती काढली तेव्हा खाली शेकडो सांगाडे निघाले. तिथं पूर्वी गरिबांची दफनभूमी होती.

सिंगापूरनं दुसरी वाट घेतली. तिथंही दफनभूमी हटवून घरं झाली, पण पुरणाऱ्यांसाठी चोआ चू कांग ही एक जागा चालू ठेवली आणि १९९८ पासून नियम केला की कबर १५ वर्षांसाठी मिळेल. त्यानंतर अस्थी काढून धर्माच्या रीतीप्रमाणं एकत्र पुरतात किंवा दहन करतात. नियम कडक आहे, पण तो आधी सांगितलेला आहे आणि वही चोख आहे. आपल्याकडे फिरवून वापरणं होतंच, फक्त ते नियमाऐवजी नाइलाजानं होतं. मला सिंगापूरचा उघडेपणा पटतो, १५ वर्षांचा आकडा आपल्याला लागू करायची गरज नाही.

“प्रत्येक समाजाला वेगळी जागा कशाला?”

एकाच सरणावर किंवा एकाच मातीत सगळ्यांनी यावं, असा आग्रह कायद्यानं धरता येणार नाही. पण एकाच आवारात वेगवेगळे भाग करून फाटक, पाणी, दिवे, गाड्यांची जागा, पहारेकरी आणि कचेरी एक ठेवता येते. वरळीला डॉ. ई. मोझेस रस्त्यावर हिंदू स्मशानभूमी, जपानी बौद्धांची दफनभूमी आणि ज्यूंची दफनभूमी जवळजवळ आहेत. पाच समाजांना पाच ठिकाणी अर्धा-अर्धा एकर देण्यापेक्षा एकत्र तीन एकर सांभाळणं स्वस्त पडतं.

गावं शहरात येतात तेव्हा हा प्रश्न जास्त टोचतो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. अशा गावांची स्मशानभूमी बहुतेक ओढ्याकाठी, गायरानात असते. चार लोखंडी खांब, वर पत्रा, एक दगडी ओटा आणि बसायला सिमेंटचा बाक. दहा वर्षांत तिच्या तिन्ही बाजूंनी सोसायट्या उभ्या राहतात आणि चौथ्या बाजूला पूररेषा. त्यात भर म्हणजे कितीतरी गावांत जातवार स्मशानं अजून आहेत. पालिका आली की पत्रा कुणाच्या स्मशानावर आधी पडतो, रस्ता कुणाच्या स्मशानापर्यंत डांबरी होतो, यावर लक्ष ठेवायला हवं. हद्दवाढीच्या निमित्तानं सगळ्यांची एक चांगली जागा करता येते. ती संधी दर वेळी हातची घालवतात.

पैसे कुठून आणायचे?

पालिकेचा खर्च दोन खिशांतून होतो. नवी इमारत, नवी दाहिनी, जमीन हा भांडवली खर्च. पगार, दुरुस्ती, वीज, लाकूड हा महसुली. भांडवली कामाला कोनशिला लागते, उद्घाटन होतं, फोटो येतो. दाहिनीच्या विटा बदलल्या म्हणून कुणी नारळ फोडत नाही. म्हणून नवी शेड बांधायला पैसे निघतात आणि दोन वर्षांनी तिच्यातला दिवा बदलायला निघत नाहीत.

वापरणाऱ्याकडून पैसे घ्यावेत असं काही जण म्हणतात. अमेरिकेत जागा विकतानाच रकमेचा काही भाग कायमच्या देखभालीच्या निधीत टाकतात, कारण दफनभूमी भरली की उत्पन्न थांबतं आणि गवत मात्र वाढतच राहतं. कल्पना चांगली आहे, पण आपल्याकडे अंत्यविधीच्या दारात गरिबाकडे पैसे मागणं योग्य नाही, आणि बहुतेक पालिका ते मोफत किंवा नाममात्र दरात करतात हे मला आपल्या शहरांचं भूषण वाटतं. निधीची कल्पना घ्यावी, पैसे दुसरीकडून घ्यावेत. नव्या बांधकामाला परवानगी देताना पालिका विकास शुल्क घेते. नवी वस्ती येणार म्हणजे पन्नास वर्षांत तिथले मृत्यूही येणार. त्या शुल्कातला ठरावीक हिस्सा याच कामासाठी बाजूला काढावा.

कोल्हापूरचं उदाहरण इथं सांगायलाच हवं. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका मोफत दहन करते आणि लाकडाच्या जोडीला शेणी, म्हणजे गोवऱ्या, वापरते. होळी आली की ‘होळी लहान करा, शेणी दान करा’ अशी हाक दिली जाते आणि तालमी, मंडळं, शाळेतली मुलं गाड्या भरभरून शेणी आणून टाकतात. लोकांचा हात लागलेली जागा लोक सांभाळतात. पण तीच स्मशानभूमी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्याखाली गेली आणि अंत्यविधी शहरातल्या दुसऱ्या स्मशानभूमींत न्यावे लागले. दुसऱ्या जागा होत्या म्हणून निभावलं.

आराखडा आला की काय बघावं

तुमच्या शहराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. बहुतेक जण आपल्या प्लॉटवर रस्ता पडलाय का एवढंच बघून परत येतात. त्याच वेळी अंत्यविधीची आरक्षणंही बघा. मागच्या आराखड्यात अशी किती होती आणि त्यातल्या किती जागांच्या सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर आज पालिकेचं नाव आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. नवी आरक्षणं पूररेषेच्या आत टाकलीत का, तिथं जायला रस्ता दाखवलाय का, हेही त्याच नकाशावर दिसतं. बाळांसाठी, लिंगायतांसाठी, लहान समाजांसाठी भाग ठेवलाय का, ते लेखी विचारा.

अंदाजपत्रकाच्या वेळी दुसरा अर्ज करा. शहरात किती दाहिन्या आहेत, मागच्या वर्षी प्रत्येक किती दिवस बंद होती, दफनभूमीत निचऱ्यावर आणि मातीवर किती खर्च झाला, आणि प्रत्येक आरक्षित जागेचा प्रत्यक्ष ताबा कुठल्या तारखेला घेतला. उत्तरात ‘प्रक्रिया सुरू आहे’ असं आलं तर अपील करा आणि तारीखच मागा.